शस्त्र, शिस्त आणि स्थूलता



वैद्यकीय परिषदेच्या अध्यक्षाने काय बोलावे याविषयी शास्त्र नसले तरी शिरस्ता आहे. व्यवसायाच्या थोरवीचे चार शब्द, सरकारच्या अनास्थेचे चार शब्द आणि तरुण डॉक्टरांना थोडा उपदेश एवढे झाले की श्रोते चहाकडे वळायला मोकळे होतात. हा शिरस्ता मोडण्याची मुभा मी प्रारंभीच मागून घेतो, कारण ज्या एका प्रश्नाने आपल्या प्रत्येकाच्या दवाखान्यात ठाण मांडले आहे, आणि ज्याचे उत्तर आपण बहुधा रुग्णाची ऐपत आणि आपला त्या दिवशीचा उत्साह पाहून देतो, त्या एकालाच मला आजचा वेळ द्यावयाचा आहे. वजन उतरावे आणि उतरलेले टिकावे अशी ज्याची इच्छा आहे, त्याला शस्त्रक्रियेकडे धाडावे की आहारविहाराच्या शिस्तीकडे?

पुण्यात हा प्रश्न निर्विकार मनाने विचारणे सोपे नाही. डेक्कन कॉलेजातले पहिले वर्ष अभ्यासापेक्षा शरीर कमावण्यात घालवणाऱ्या टिळकांची कथा ज्या गावातील मुलांना पाठ असते, १९२४ साली कॅप्टन शिवरामपंत दामल्यांनी स्थापिलेल्या महाराष्ट्रीय मंडळाच्या मैदानावर ज्याच्या पिढ्या घामाघूम झाल्या, औंधच्या पंतप्रतिनिधींचे सूर्यनमस्कार ज्याने मनोभावे स्वीकारले आणि ज्याच्या रस्त्यांवर एके काळी सायकलींचेच राज्य होते, त्या गावात सुदृढ देह ही चारित्र्याची सनद आणि सुटलेले पोट ही त्या सनदेची जप्ती मानली जाणे स्वाभाविकच होते. त्या परंपरेविषयी मला नितांत आदर आहे. परंतु तिने आपल्याला एक पूर्वग्रहही वारसाहक्काने दिला, तो असा की, जो पर्वती चढतो तो पुण्यवान आणि जो शस्त्रक्रियेच्या टेबलावर चढतो तो पळपुटा. आपल्या प्राचीनांची दृष्टी याहून स्वच्छ होती. चरकाने अतिस्थूलाला आणि अतिकृशाला दोघांनाही निंदितांत गणले, आणि दोघांत अतिकृश बरा म्हटले, ते व्याधी आली असता ती स्थूलालाच अधिक पीडते म्हणून. आणि स्थौल्याची कारणे सांगताना अतिभोजन, अव्यायाम, दिवसा झोपणे यांच्या पंक्तीला त्याने बीजस्वभावही बसवला, ही गोष्ट आमच्या नीतिवादी मित्रांनी लक्षात ठेवण्याजोगी आहे.

दुसऱ्या टोकाला तमाशा आहे. २०१७ साली सुमारे पाचशे किलो वजनाच्या एका इजिप्ती स्त्रीला शस्त्रक्रियेसाठी मुंबईत आणले, तेव्हा तिला क्रेनने रुग्णालयात चढवण्याची दृश्ये सगळ्या देशाने पाहिली. पुढे नातलग आणि डॉक्टर यांच्यात वाद झाला, तिची रवानगी अबुधाबीला झाली आणि त्याच वर्षी सप्टेंबरात ती वारली. ज्या उपचाराचा खरा हिशेब दहा वर्षांनी मांडावयाचा, तो कॅमेऱ्यापुढे आठवड्या-आठवड्याच्या किलोंत मांडला गेला की लोकांच्या मनात शस्त्रक्रियेची एक तर जादू होते, नाही तर बागुलबुवा.

त्याच सुमारास मराठी घरांतून निराळाच वाद रंगला होता. लातूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयातील डॉ. जगन्नाथ दीक्षित, कै. डॉ. श्रीकांत जिचकारांच्या विचाराचा धागा धरून, दिवसातून दोनदाच आणि प्रत्येक वेळी पंचावन्न मिनिटांच्या आत जेवा असे सांगत होते. आहारतज्ज्ञ ऋजुता दिवेकर थोड्या थोड्या वेळाने, घरचे, हंगामातले, तूप न वगळता खा असे सांगत होत्या. आणि ‘दीक्षित की दिवेकर’ हा खल श्रीखंडाची वाटी हातात धरून पंगतीपंगतीत चालू होता. पु. ल. देशपांड्यांनी ‘बटाट्याची चाळ’मधल्या ‘उपास’ या प्रकरणात वजन उतरवू पाहणाऱ्या गृहस्थाभोवती सल्लागारांची जी गर्दी जमवली होती, ती चाळीतून मोबाइलमध्ये राहायला गेली, एवढाच काय तो फरक. दीक्षित आणि दिवेकर या दोघांनीही मराठी माणसाला त्याच्याच ताटाच्या भाषेत आहार समजावला, हे मी कृतज्ञतेने नोंदवतो. वाद मात्र घास कोणत्या घटकेला घ्यावा याचा झाला. पाच वर्षांनी अंगावर किती उरते हा मुद्दा पंगतीत कोणी काढला नाही.

तो मुद्दा काढला की प्रथम शरीराची कैफियत ऐकावी लागते. जठराच्या वरच्या भागातून स्रवणारे ग्रेलिन हे संप्रेरक भूक चेतवते. आहार आवरून ज्यांनी वजन उतरवले त्यांच्या रक्तात ते वाढते आणि ज्यांची गॅस्ट्रिक बायपास शस्त्रक्रिया झाली त्यांच्यात ते फारच थोडे आढळते, असे डेव्हिड कमिंग्ज यांनी सहकाऱ्यांसह २००२ साली दाखवले; आणि वजन उतरून वर्ष लोटले तरी भुकेची संप्रेरके पूर्वपदावर येत नाहीत, हे २०११ साली मेलबर्नच्या संशोधकांनी सिद्ध केले. म्हणजे जो रुग्ण सहा महिन्यांत बारा किलो उतरवून वर्षभरात दहा किलो परत घेऊन येतो, त्याने आपल्याला फसवलेले नसते. त्याच्या देहाने गेलेला ऐवज वसूल करण्याचा तगादा रात्रंदिवस लावलेला असतो, आणि आपण त्याला इच्छाशक्तीवर व्याख्यान देतो.

मग शिस्त निरुपयोगी काय? मुळीच नाही, पण तिचा न्याय आपण चुकीच्या कोर्टात मागतो. अमेरिकेत ५१४५ स्थूल मधुमेहींवर ‘लुक अहेड’ नावाचा मोठा प्रयोग झाला. समुपदेशन, व्यायाम, मोजका आहार यांची जी चैन आपल्याकडे कोणत्याही रुग्णाला मिळत नाही ती त्यांतल्या निम्म्यांना मिळाली, आणि तरीही पहिल्या वर्षी साडेआठ टक्क्यांच्या घरात उतरलेले वजन प्रयोगाच्या अखेरीस सहा टक्क्यांवर येऊन थांबले. हृदयविकाराचे प्रमाण घटले नाही म्हणून २०१२ साली प्रयोग आटोपता घेतला गेला. आता चेन्नईकडे पाहा. डॉ. ए. रामचंद्रन यांनी मधुमेहाच्या उंबरठ्यावरील ५३१ भारतीयांवर केलेल्या आणि २००६ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, चालणे आणि आहार एवढ्याच उपायांनी तीन वर्षांत मधुमेहाचा धोका २८.५ टक्क्यांनी घटला, आणि तोही वजनात म्हणण्यासारखी घट नसताना. वजनकाटा हलला नाही म्हणून जिने रडवेल्या चेहऱ्याने फिरायला जाणे सोडले, त्या बाईला ही गोष्ट तिच्या डॉक्टराने सांगावयास हवी होती.

काट्याची ही मर्यादा पुण्याइतकी दुसऱ्या कोणत्या शहराने जगाला दाखवली असेल असे मला वाटत नाही. केईएम रुग्णालयाच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिकांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा खेड्यांतील माता आणि बालके यांचा जो अभ्यास चालवला, त्यातून आपली बालके वजनाने कमी परंतु मेदाने सधन जन्मतात हे निष्पन्न झाले. आणि २००४ साली ‘लॅन्सेट’मध्ये त्यांनी व लंडनच्या जॉन युडकिन यांनी स्वतःचीच छायाचित्रे शेजारी शेजारी छापून दाखवले की दोघांचाही बीएमआय २२.३ असून युडकिन यांच्या अंगात मेद ९.१ टक्के, तर याज्ञिकांच्या अंगात २१.२ टक्के आहे. गोऱ्या माणसाच्या मापाने आपली जोखीम मोजू नये, हा त्याचा अर्थ.

आता शस्त्राची बाजू. आयोवाच्या एडवर्ड मेसन यांनी १९६६ साली गॅस्ट्रिक बायपासचा पाया घातला. जठराचा सुमारे तीन-चतुर्थांश भाग काढून टाकणारी स्लीव्ह पुढे प्रचारात आली. १९८७ साली सुरू झालेल्या स्वीडिश अभ्यासात दहा वर्षांनंतर बायपास झालेल्यांचे वजन मूळच्यापेक्षा पंचवीस टक्क्यांनी कमी होते, शस्त्रक्रिया न झालेल्यांचे किंचित वाढले होते. आणि पुढे मृत्यूचे प्रमाणही शस्त्रक्रिया झालेल्यांतच कमी आढळले. एवढा मोठा उतार एवढा काळ टिकवण्याचे काम केवळ आहारनियमनाने कोणत्याही मोठ्या लोकसमूहात साधलेले नाही, हे आपण मान्य केले पाहिजे. खुद्द पुण्यात डॉ. शशांक शहा, डॉ. जयश्री तोडकर आणि कमिंग्ज प्रभृतींनी ३५ हून कमी बीएमआय असलेल्या पंधरा मधुमेहींवर बायपास करून २०१० साली निष्कर्ष प्रसिद्ध केले, तेव्हा तीन महिन्यांत त्या सर्वांची मधुमेहाची औषधे सुटली होती. संख्या लहान आणि मुदत अल्प होती, हे ध्यानात ठेवून त्याचे मोल करावे. कारण क्लीव्हलंडच्या पाच वर्षांच्या प्रयोगात एचबीएवनसी सहा टक्के वा त्याखाली राखू शकलेले रुग्ण बायपासनंतर २९ टक्के, स्लीव्हनंतर २३ टक्के आणि केवळ औषधांवर ५ टक्के होते. पाच आणि एकोणतीस यांतले अंतर प्रचंड आहे. परंतु उरलेल्या एकाहत्तरांना ‘मधुमेह गेला’ असे कोणी सांगितले असेल तर ते असत्य होते.

शस्त्रक्रियेने शिस्तीतून सुटका होते, हा तर निव्वळ भ्रम. शस्त्रक्रियेनंतरच्या मराठी ताटाचे निरीक्षण आपल्यापैकी किती जणांनी केले आहे? पहिले काही दिवस वरणाचे पाणी आणि ताक. मग मुगाचे घट्ट वरण, कुस्करलेले पनीर. आणि काही महिन्यांनी रीतसर पान मांडले गेले तरी अर्धी वाटी उसळ संपवायला वीस मिनिटे, घास बारीक चावून होईपर्यंत चमचा खाली ठेवलेला, पाण्याचा घोट जेवणाबरोबर नव्हे, अर्ध्या तासाने, आणि एक घास अधिक झाला की छातीत दाटून मोरीकडे धाव. शेजारी मावशी आग्रहाची जिलबी घेऊन उभी, आणि ‘डॉक्टरांनी उपाशी मारायला सांगितलंय का?’ हा तिचा प्रश्न. या एवढ्याशा वाटीतून शाकाहारी माणसाने रोज साठ ग्रॅम प्रथिने मिळवायची आहेत. शिवाय लोह, कॅल्शियम, ड जीवनसत्त्व आणि बी-१२ जन्मभर घ्यायचे आहे. बी-१२ पचवण्यास जठराचे साहाय्य लागते, आणि डॉ. याज्ञिकांच्याच गटाने २००६ साली पुणे परिसरातील ४४१ मध्यमवयीन पुरुष तपासले तेव्हा त्यांपैकी ६७ टक्क्यांत, आणि शहरी मध्यमवर्गीयांपैकी तर ८१ टक्क्यांत ते आधीच कमी भरले होते. ज्याच्या तिजोरीत मुळातच खडखडाट आहे त्याचे जठर कापण्यापूर्वी ही तपासणी न करणे मी हयगय समजतो.

माझे मत स्पष्ट सांगतो. ज्याला अद्याप व्याधी जडलेली नाही, किंवा जो मधुमेहाच्या उंबरठ्यावर आहे, त्याला शिस्तीचाच मार्ग द्यावा आणि त्याचे यश रक्तातील साखर, रक्तदाब, कमरेचा घेर आणि गुडघ्याची वेदना यांवर मोजावे. ज्याचा बीएमआय पस्तिशीपलीकडे गेला, किंवा जो तरुणपणीच मधुमेहाने ग्रासला असून ज्याचे वजन औषधांना दाद देत नाही, त्याला शस्त्रविशारदाकडे लवकर धाडावे. दहा वर्षे त्याच्या इच्छाशक्तीची परीक्षा पाहून, मूत्रपिंडे थकल्यावर, अखेरचा उपाय म्हणून नव्हे. मात्र ज्याच्या घरी पुढची निगा राखणारे कोणी नाही, जो मद्याच्या आहारी गेला आहे, किंवा जो गाव सोडून दूर जाणार आहे, त्याच्यासाठी घाई करू नये.

२०२५ साली भारतात उपलब्ध झालेल्या टिर्झेपटाइड व वजनासाठीच्या सेमाग्लुटाइड या इंजेक्शनांनी या दोन मार्गांच्या मध्ये तिसरी वाट काढली आहे. ती मोलाची आहे. परंतु सेमाग्लुटाइड थांबवल्यावर वर्षभरात उतरलेल्या वजनाचा दोन-तृतीयांश भाग परत येतो असे दिसले असल्याने, सहा महिन्यांचा कोर्स करून लग्नात मिरवण्याची ती वस्तू नव्हे, एवढेच येथे नमूद करतो.

दोन कामे मात्र आपल्या हातची आहेत. १९९१ साली अमेरिकेत ठरलेल्या चाळीस आणि पस्तीस या मर्यादा २०२२ साली आंतरराष्ट्रीय संघटनांनी मोडीत काढल्या आणि आशियाई लोकांसाठी साडेसत्तावीसपासूनही विचार व्हावा असे सुचवले. आपल्या विमा नियामकाच्या २०१९ च्या निर्देशांत मात्र चाळीस, किंवा गंभीर व्याधी असल्यास पस्तीस, हेच आकडे घातलेले होते. जो देश कमी वजनात अधिक आजारी पडतो त्याच्या विम्याने परक्या देशाची जुनी मापे वापरावीत, याला तर्क नाही. दुसरे काम आपल्या दप्तरातले. ‘भात, बटाटा, साखर बंद’ असे छापलेली, झेरॉक्सने अर्धवट पुसट झालेली आहारपत्रके आपण देतो, पण तो रुग्ण सहा महिन्यांनी कोठे आहे याची नोंद आपल्यापैकी फार थोडे ठेवतात. आणि शस्त्रक्रिया झालेल्याची पाच वर्षांनंतरची नोंद तर त्याहूनही विरळ. विमा नियामकाकडे पाठवावयाच्या अर्जाचा आणि दोन्ही प्रकारच्या रुग्णांसाठी एकच सामाईक नोंदवही पाच वर्षे चालवण्याच्या ठरावाचा मसुदा चिटणिसांच्या हवाली केला आहे. दुपारच्या खुल्या सत्रात तो चर्चेला येईल, तेव्हा नोंदवहीत कोणते रकाने असावेत याविषयीच्या सूचना सभासदांनी लेखी द्याव्यात, आणि कमरेचा घेर व बी-१२ हे दोन रकाने गाळू नयेत, अशी माझी विनंती आहे.