काटा, टेप आणि दोरी



वजनकाटा आपलं वजन सांगतो.
त्यात चरबी किती, हे सांगत नाही.

बीएमआय तुम्ही ऐकला असेल.
किलोमधल्या वजनाला मीटरमधल्या उंचीच्या वर्गानं भागायचं.
मूळ सूत्र एकोणिसाव्या शतकातलं, बेल्जियमच्या केतले यांचं.
मोठ्या लोकसमूहासाठी ते उपयोगी आहे.
एकेका माणसाला मात्र ते फसवतं.

पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक,
आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन.
2004 साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात दोघांचा फोटो छापून आला.
दोघांचा बीएमआय अगदी सारखा.
पण युडकिन यांच्या अंगात चरबी सुमारे 9 टक्के.
आणि याज्ञिकांच्या अंगात?
सुमारे 21 टक्के!

अंगानं सडपातळ, पण आत चरबी.
आपल्या लोकांत हे फार आढळतं.
म्हणून मला कमरेचं माप अधिक मोलाचं वाटतं.
पोटातली चरबी मधुमेहाला जवळची.
आणि ती काट्यावर दिसत नाही.

कंबर मोजायची कशी?
शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड, यांच्या मधोमध टेप धरा.
कपड्यावरून नको.
पोट आत ओढू नका.
श्वास सहज सोडा, मग आकडा वाचा.
भारतीय पुरुषांसाठी मर्यादा 90 सेंटिमीटर.
बायकांसाठी 80.
गरोदरपणात हे माप लागू नाही.

टेप नसेल, तर आपल्या उंचीएवढी दोरी घ्या.
ती बरोबर निम्मी दुमडा.
आता कमरेभोवती गुंडाळा.
टोकं जुळली नाहीत, तर डॉक्टरांना भेटा,
आणि रक्तातली साखर तपासून घ्या.
काटा काहीही सांगो.