गरीब संघाचं घड्याळ



9 डिसेंबर 2012 रोजी अमेरिकेच्या मेजर लीग बेसबॉलमधल्या दोन बेताच्या उत्पन्नाच्या संघांनी आपसांत खेळाडूंची अदलाबदल केली. कॅन्सस सिटी रॉयल्सनी विल मायर्स हा तरुण बॅटर टॅम्पा बे रेजना देऊन टाकला. 'बेसबॉल अमेरिका' या नियतकालिकानं त्याच वर्षी त्याला मायनर लीगमधला, म्हणजे मेजर लीगखालच्या तयारीच्या स्पर्धांमधला, सर्वोत्तम खेळाडू ठरवलं होतं. त्याच्यासोबत जेक ओडोरिझी आणि माइक माँटगोमेरी हे दोन पिचर आणि आणखी एक होतकरू खेळाडूही गेला. बदल्यात मिळाले जेम्स शील्ड्स आणि वेड डेव्हिस. शील्ड्स हा भरवशाचा पिचर, पण तिशी गाठलेला, आणि त्याच्यावर संघाचा हक्क अवघे दोन हंगाम राहणार होता. सामना सुरू करणारा पिचर म्हणून डेव्हिसची तोवरची कामगिरी साधारणच होती. आकडेवारीच्या अभ्यासकांनी या सौद्यावर टीकेची झोड उठवली. सहा वर्षं स्वस्तात खेळेल असा गुणी मुलगा देऊन दोन वर्षांत निघून जाणारा माणूस कोण घेतो, असा त्यांचा प्रश्न होता. रॉयल्सनी 2015 मध्ये विश्वविजेतेपद मिळवलं. मला मात्र विजेतेपदाच्या जोरावर हा सौदा योग्य ठरवायचा नाही. तो केला त्या दिवशीच तो योग्य होता, आणि का होता हे समजलं तर लहान शहराच्या संघानं होतकरू खेळाडूची पारख कशी करावी याचं निम्मं उत्तर हाती येतं, असं माझं म्हणणं आहे.

क्रिकेट जाणणाऱ्या श्रोत्यांनी आधी एक फरक लक्षात घ्यावा. आयपीएलमध्ये संघ उभारायला दहाही संघांना एकूण सारखीच रक्कम असते. 2025 च्या हंगामासाठी ती 120 कोटी रुपये होती. मेजर लीगमध्ये पगारखर्चाला कमाल मर्यादाच नाही. ठरलेला आकडा ओलांडला तर कर भरावा लागतो, इतकंच. 2025 च्या हंगामाच्या सुरुवातीला लॉस एंजेलिस डॉजर्सचा पगारखर्च 30 कोटी डॉलरच्या पुढे होता आणि मायामीचा 7 कोटींच्या आसपास. संघांच्या स्थानिक उत्पन्नाचा 48 टक्के भाग एकत्र करून तीसही संघांत सारखा वाटला जातो, तरीही ही दरी बुजत नाही, कारण मुख्य अंतर स्थानिक टीव्ही करारांत आहे. डॉजर्सचा करार 25 वर्षांचा आणि 8 अब्ज डॉलरहून मोठा. कॅन्सस सिटीच्या सगळ्या महानगर परिसराची वस्ती बावीस लाखांच्या घरात. तिथे असा करार कोण करणार?

गरीब संघाच्या हाती उरतो तो एक नियम. मेजर लीगमध्ये आलेला खेळाडू सहा वर्षं त्याच संघाच्या ताब्यात राहतो. पहिली तीन वर्षं तो बहुधा किमान वेतनावर खेळतो, 2025 मध्ये ते 7 लाख 60 हजार डॉलर होतं. पुढची तीन वर्षं पगार लवादाच्या धाकानं वाढत जातो आणि त्यानंतर तो फ्री एजंट होऊन हवं तिथे जातो. म्हणजे बाजारभावापेक्षा खूप स्वस्तात मिळणारी एकच चीज या धंद्यात आहे, ती म्हणजे तरुण खेळाडूची ही सहा वर्षं. हंगामातले 172 दिवस यादीत भरले की एक वर्ष धरलं जातं. म्हणून एखाद्या गुणी मुलाला वर बोलवायला काही आठवडे उशीर केला तर त्याच्यावरचा हक्क आणखी एक हंगाम टिकतो, आणि संघ हा हिशेब करतात. 2022 च्या कामगार करारानं या चलाखीला थोडा आळा घातला. पॉल स्कीन्स 2024 च्या मे महिन्यात पिट्सबर्गकडून पदार्पण करूनही पूर्ण वर्षाचा धनी झाला, तो वर्षातला सर्वोत्तम नवोदित ठरल्यामुळे. पैशाइतकीच टंचाई जागांची असते. मुख्य संघात 26 आणि राखीव धरून 40, एवढीच यादी. चार-पाच वर्षं मायनर लीगमध्ये काढूनही ज्याला त्या चाळिसांत घेतलं नाही, त्याला दर डिसेंबरात 'रूल फाइव्ह' ड्राफ्टमधून दुसरा संघ उचलू शकतो. मात्र पूर्ण हंगाम त्याला मुख्य संघात ठेवावं लागतं. जिंकण्याच्या ईर्ष्येत असलेल्या संघाला असा कच्चा गडी परवडत नाही, हरणाऱ्याला परवडतो. होआकिम सोरिया कॅन्सस सिटीला 2006 मध्ये सान दिएगोकडून असाच मिळाला आणि पुढे ऑल-स्टार झाला.

आता पारखण्याकडे वळू. स्काउट लोक फटकेबाजी, ताकद, धाव, क्षेत्ररक्षण आणि फेक या प्रत्येक गुणाला 20 ते 80 या मापावर अंक देतात; 50 म्हणजे मेजर लीगची सरासरी. हल्ली चेंडूच्या फिरकीपासून बॅटच्या वेगापर्यंत सारं यंत्रं मोजतात. तरीही वीस वर्षांच्या मुलाचं भविष्य अंधारातच असतं, आणि याला कॅन्सस सिटीपेक्षा चांगला पुरावा नाही. 2011 च्या आरंभी 'बेसबॉल अमेरिका'च्या पहिल्या शंभर होतकरूंच्या यादीत एकट्या रॉयल्सचे नऊ जण होते. त्यातले एरिक हॉस्मर, माइक मुस्टाकस आणि डॅनी डफी विजेत्या संघात पोचले. जॉन लॅम्ब आणि ख्रिस ड्वायर यांची कारकीर्द आज कोणाला आठवणार नाही. 2010 च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे नव्या खेळाडूंच्या वार्षिक निवडीत, चौथ्या क्रमांकावर निवडलेला ख्रिश्चन कोलोन कधीच नियमित खेळाडू झाला नाही. पुढे नामांकित पिचर झालेला ख्रिस सेल त्याच्यानंतर तेराव्या क्रमांकावर गेला होता. याच कोलोननं 2015 च्या अंतिम मालिकेतल्या पाचव्या सामन्यात, बाराव्या इनिंगमध्ये, त्या वर्षीच्या प्लेऑफमधल्या आपल्या पहिल्याच संधीत विजयी धाव आणणारा फटका मारला. कोणत्या स्काउटच्या वहीत हे लिहिलेलं असणार होतं? आणि रेजसारख्या हुशार म्हणून गाजलेल्या संघाचं काय? मुख्यतः संघ सोडून गेलेल्या खेळाडूंच्या भरपाईमुळे त्यांना 2011 च्या ड्राफ्टमध्ये पहिल्या 60 निवडींपैकी 10 मिळाल्या. दहापैकी पाच जण मेजर लीगपर्यंत आले. तारा झाला तो एकटा ब्लेक स्नेल, आणि तोही 52 व्या क्रमांकाचा. त्याआधीच्याच वर्षी त्यांनी 31 व्या फेरीत उचललेला केव्हिन किअरमायर मात्र क्षेत्ररक्षणासाठी चार वेळा गोल्ड ग्लव्हचा मानकरी ठरला.

यावरून पारख व्यर्थ आहे असा निष्कर्ष काढणं घाईचं होईल. पारख शक्यतांचा अंदाज देते, माणसाचं भाकीत देत नाही. म्हणून गरीब संघानं शहाणपणानं करायच्या गोष्टी दोन. एक, पुष्कळ मुलं जमवायची आणि त्यांना वेळ द्यायचा. अ‍ॅलेक्स गॉर्डन हा रॉयल्सनी 2005 मध्ये दुसऱ्या क्रमांकावर निवडलेला. तिसऱ्या बेसवर तो सपशेल फसला, 2010 मध्ये त्याला खाली पाठवून डाव्या मैदानात उभं केलं आणि 2011 मध्ये त्यानं तिथे गोल्ड ग्लव्ह मिळवला. दुसरी गोष्ट अवघड आहे आणि तीच माझा मुद्दा. होतकरू खेळाडूची किंमत त्याच्या अंगच्या गुणांत पूर्णपणे नसते. संघाची बाकीची माणसं किती वर्षं हाताशी आहेत यावर ती ठरते. आढीतला आंबा आणखी चार दिवसांनी उत्तम लागेल हे खरं, पण पंगत आज असेल तर त्याचा काय उपयोग?

2012 च्या डिसेंबरात कॅन्सस सिटीचे जनरल मॅनेजर डेटन मूर यांच्यापुढे हाच हिशेब होता. हॉस्मर आणि मुस्टाकस 2011 मध्ये वर आलेले, म्हणजे 2017 नंतर मोकळे होणार. लोरेन्झो केन आणि अल्सिडेस एस्कोबार 2010 च्या अखेरीस झॅक ग्रिंकीला मिलवॉकीला देऊन मिळवलेले. त्यांच्यावरचा हक्कही 2017 पर्यंतच पुरणारा. कॅचर साल्व्हादोर पेरेझला त्या वर्षाच्या फेब्रुवारीत पाच वर्षांसाठी 70 लाख डॉलरमध्ये बांधलेलं. अशी एकाच वयाची, एकाच वेळी फळाला येणारी पिढी गरीब संघाला दशकातून एकदा लाभली तरी नशीब. त्यात एकच भगदाड होतं, पिचिंगचं. 72 सामने जिंकून 90 हरलेल्या त्या संघात भरपूर इनिंग टाकणारा भरवशाचा पिचर नव्हता. शील्ड्सनं पुढच्या दोन हंगामांत साडेचारशेहून अधिक इनिंग टाकल्या. मायर्स कितीही गुणी असला तरी तो हे भगदाड बुजवू शकत नव्हता, आणि त्याच्या सहा वर्षांतली शेवटची दोन तर ही पिढी पांगल्यावरची होती. टॅम्पाचं घड्याळ वेगळं होतं. शील्ड्सला ते पुढे पैसे देऊ शकत नव्हते, आणि डेव्हिड प्राइस, मॅट मूर असे पिचर त्यांच्याकडे होते. तेव्हा त्यांनाही हा सौदा फायद्याचाच. 2013 मध्ये मायर्स अमेरिकन लीगचा सर्वोत्तम नवोदित ठरला. दोन्ही संघ एकाच वेळी बरोबर असू शकतात, हे टीकाकारांच्या हिशेबात बसत नव्हतं, कारण ते खेळाडूंची तुलना करत होते आणि संघांची करायला विसरले होते.

यावर पहिला आक्षेप असा येईल, की हे सारं पश्चातबुद्धीचं आहे. डेव्हिस मधूनच येणारा रिलीफ पिचर होऊन नऊ इनिंगमागे 2014 मध्ये 1.00 आणि 2015 मध्ये 0.94 धावा अशा अविश्वसनीय सरासरीनं खेळेल, हे मूर यांना माहीत नव्हतं. 2014 च्या वाइल्ड कार्ड सामन्यात रॉयल्स आठव्या इनिंगपर्यंत ओकलंडविरुद्ध 3-7 असे मागे होते. तिथे हरले असते तर 29 वर्षांनंतरचा त्यांचा प्लेऑफ एका रात्रीत संपला असता. आक्षेप खरा आहे. त्या संघाच्या वाट्याला दैव भरपूर आलं. 2015 च्या हंगामाआधी 'बेसबॉल प्रॉस्पेक्टस'च्या पेकोटा या गणितानं त्यांना 72 विजय दिले होते, त्यांनी 95 मिळवले. पण मी ज्या गोष्टींवर भर देतो आहे, करारांच्या तारखा, एका वयाची पिढी, पिचिंगचं भगदाड, त्या सगळ्या सौद्याच्या दिवशी कागदावर होत्या. निकाल बाजूला ठेवा आणि उलट उदाहरण पाहा. 31 जुलै 2018 रोजी पिट्सबर्ग पायरेट्सनी जवळजवळ असाच सौदा टॅम्पाशीच केला: टायलर ग्लासनाउ, ऑस्टिन मेडोज आणि मागाहून शेन बाझ देऊन क्रिस आर्चर घेतला. आर्चरवरचा हक्क शील्ड्सपेक्षा लांबचा होता. पण त्याच वर्षीच्या जानेवारीत पिट्सबर्गनं गेरिट कोल आणि अँड्र्यू मॅकचन या आपल्या दोन आधारस्तंभांना विकलं होतं. पिढी मोडून झाल्यावर, जुलैतल्या सलग 11 विजयांच्या भरात, त्यांनी शेवटची खरेदी केली. पुढच्याच हंगामात ते 93 सामने हरले. दोन्ही सौद्यांचं रूप एकच होतं. पिट्सबर्गनं घड्याळच चुकीचं वाचलं.

दुसरा आक्षेप पैशाचा. 2015 चे रॉयल्स गरीब होते कुठे? 2011 मध्ये सर्व संघांत सर्वांत कमी, साडेतीन कोटी डॉलरच्या जवळपास असलेला त्यांचा पगारखर्च 2015 मध्ये 11 कोटींवर गेला होता. मला यात आक्षेपापेक्षा पुष्टीच दिसते. काटकसरीची वर्षं ही नंतरच्या खर्चासाठी असतात. मालकानं नेमक्या वेळी मूठ सैल केली, आणि त्याच जुलैत मूर यांनी आणखी पाच तरुण खेळाडू देऊन जॉनी क्वेटो आणि बेन झोब्रिस्ट आणले. दिलेल्यांतला शॉन मनाया पुढे चांगला पिचर निघाला. निघणारच, जमवलेल्यांपैकी काही तरी चांगले निघावेत म्हणून तर जमवायचं. क्वेटो नियमित हंगामात रॉयल्सकडून सामान्यच खेळला, पण अंतिम मालिकेतला दुसरा सामना त्यानं अवघे दोन हिट देऊन एकहाती पूर्ण केला.

तिसरा आक्षेप प्रेक्षकांच्या बाजूचा आहे आणि तो सर्वांत बोचरा. हॉस्मर सान दिएगोला गेला, केन मिलवॉकीला. 2018 मध्ये रॉयल्स 104 सामने हरले, 2023 मध्ये 106. दोन सुखाच्या वर्षांसाठी एवढी पडझड का? टॅम्पासारखं सतत मूल्य विकत राहून 2019 ते 2023 अशी सलग पाच वर्षं प्लेऑफ गाठणं बरं नव्हे का? किंवा मिलवॉकीसारखं, ज्यांनी कॉर्बिन बर्न्स आणि डेव्हिन विल्यम्स विकूनही 2025 मध्ये सर्व संघांत सर्वाधिक, 97 सामने जिंकले? या दोन संघांचं व्यवस्थापन रॉयल्सपेक्षा सरस आहे हे मान्यच. पण टॅम्पानं अजून विश्वविजेतेपद जिंकलेलं नाही, मिलवॉकीनंही नाही, आणि 2025 मध्ये मिलवॉकीला डॉजर्सनी चारही सामन्यांत हरवलं. 2015 नंतर एकाही लहान शहरानं तो करंडक उचललेला नाही. सतत चांगलं असणं आणि एकदा सर्वोत्तम होणं यात निवड करायची तर ती गावानं करावी, आणि कॅन्सस सिटीच्या लोकांनी ती नोव्हेंबर 2015 च्या मिरवणुकीत केली असं मी म्हणेन. मला राग येतो तो निराळ्याच मालकांचा, जे यातलं काहीच करत नाहीत. 2025 मध्ये स्कीन्सनं नॅशनल लीगमधल्या सर्वोत्तम पिचरचा साय यंग पुरस्कार मिळवला आणि त्याचा पिट्सबर्ग संघ आपल्या गटात तळाला राहिला. तिथे शहराचं आकारमान हे कारण म्हणून पुढे करण्यात अर्थ नाही. एका असामान्य पिचरची स्वस्त वर्षं रिकाम्या संघात सरताहेत.

कॅन्सस सिटीचं घड्याळ आता पुन्हा लावलेलं आहे. 2019 च्या ड्राफ्टमध्ये दुसऱ्या क्रमांकावर मिळालेल्या बॉबी विट ज्युनियरशी त्यांनी फेब्रुवारी 2024 मध्ये 11 वर्षांचा, 28 कोटी 80 लाख डॉलरहून मोठा करार केला. त्याच हिवाळ्यात सेथ ल्यूगो आणि मायकल वाका हे अनुभवी पिचरही घेतले आणि 106 पराभवांचा संघ 86 विजयांवर येऊन प्लेऑफमध्ये पोचला. पण विटच्या करारात एक कलम आहे: 2030 च्या हंगामानंतर त्याला स्वतःहून बाहेर पडता येतं. तेव्हा सध्या त्यांच्या मायनर लीगमध्ये खेळणाऱ्या प्रत्येक अठरा-वीस वर्षांच्या मुलाबद्दल विचारायचा पहिला प्रश्न हा, की तो 2030 च्या आत तयार होईल का. आणि होणार नसेल, तर त्याच्या बदल्यात आज कोण मिळतो.