रुंद पडद्याचे ठिगळ

पूर्वीच्या दूरचित्रवाणी संचाचा पडदा जवळजवळ चौकोनी असे. रुंदी चार तर उंची तीन, हे प्रमाण कित्येक दशके टिकले. आज घरोघरी दिसणाऱ्या पडद्यांचे प्रमाण १६:९ आहे. जुने संच मोडीत निघाले. त्यांच्याकरिता रचलेली चित्रे मात्र मागे राहिली. त्यांपैकी एका प्रकाराविषयी, म्हणजे खेळयंत्रांवरील खेळांविषयी, आज थोडे बोलावयाचे आहे.

सोनी कंपनीचे प्लेस्टेशन २ हे खेळयंत्र २००० साली जपानात विक्रीस आले आणि पुढे जगभर त्याचे पंधरा कोटींहून अधिक नग खपले. त्यावरील बहुतेक खेळ ४:३ प्रमाणाच्या पडद्यासाठी रचलेले होते. ते यंत्र आता तयार होत नाही. त्याचे काम संगणकावर एम्युलेटर करतो. ‘पीसीएसएक्स२’ हा त्यांतला एक. बहुरूप्याने फौजदाराचे सोंग आणावे, तसे हा त्या यंत्राचे सोंग आणतो, आणि जुना खेळ निमूटपणे सुरू होतो.

परंतु ते चित्र नव्या पडद्यावर नुसते ताणले, तर वर्तुळाचे अंडे होते आणि सडपातळ नायक लठ्ठ दिसतो. न ताणावे, तर दोन्ही बाजूंस काळ्या पट्ट्या उरतात. यावर हौशी मंडळींनी तिसरा मार्ग काढला. त्रिमितीय खेळात चित्रे आयती साठवलेली नसतात. तेथे असते आकड्यांत मांडलेले एक जग, आणि एक काल्पनिक कॅमेरा त्याचे दृश्य क्षणोक्षणी गणिताने काढीत असतो. उंची तीच धरली, तर नवा पडदा जुन्याहून एक-तृतीयांशाने रुंद आहे. म्हणून दृश्याचे आडवे माप पाऊणपट केले, की पडद्याचा ताण तेवढाच फिटतो. वर्तुळ पुन्हा वर्तुळ होते, आणि पूर्वी चौकटीबाहेर राहिलेला प्रदेश दोन्ही अंगांनी दिसू लागतो.

हिशेब सोपा आहे; कष्ट आहेत ते शोधात. त्या यंत्राची मुख्य स्मृती ३२ मेगाबाइटांची. तीत हे माप ठेवलेली नेमकी जागा हुडकावयाची. एक आकडा बदलावा आणि पडद्याकडे पाहावे. कधी काहीच होत नाही, कधी खेळ बंद पडतो, तर कधी एकटे आकाशच आक्रसते. कित्येकदा तो आकडा यंत्राला दिलेल्या आज्ञेतच गुंफलेला असतो. मग त्या आज्ञा वाचल्यावाचून गत्यंतर नसते. जागा सापडली, की तिचा पत्ता आणि नवे मूल्य एका छोट्या फाइलीत, एका ओळीत लिहितात. हेच ते ठिगळ, इंग्रजीत ज्याला पॅच म्हणतात.

एवढ्याने काम संपत नाही. यंत्राचे श्रम वाचावेत म्हणून मूळ कारागिरांनी चौकटीबाहेरच्या वस्तू रेखाटण्याचे टाळलेले असते. चौकट रुंदावताच कडेची झाडे, भिंती एकाएकी उगवतात आणि नाहीशा होतात. कथाप्रसंगात तर, विंगेत थांबलेला नट प्रेक्षकांना दिसावा, तसे एखादे पात्र कडेला निश्चल उभे आढळते. आधीच चित्रित करून ठेवलेल्या चित्रफितींना तर चौकटीबाहेर काही नसतेच. त्या रुंदावणार कशा?

मग हा खटाटोप योग्य आहे का? चौकट हीदेखील रचनेचाच भाग असते. भयकथेतील शत्रू कडेबाहेर दडविला असेल, तर तो आधीच दाखविणे म्हणजे कथेचा घात होय. हा आक्षेप मला रास्त वाटतो. तथापि या ठिगळाचा एक मोठा गुण असा, की ते मूळ तबकडीला स्पर्श करीत नाही. फाइल काढून घ्यावी, आणि निर्मात्याने योजलेली चौकट जशीच्या तशी परत येते. रुंदावणाऱ्याने कडा शक्य तितक्या निगुतीने सांधाव्यात, जेथे सांधत नाहीत तेथे तसे स्पष्ट लिहावे, आणि मुळाकडे परतण्याची वाट नेहमी मोकळी ठेवावी. इतके पथ्य पाळले, तर जुन्या कृतीला नवा पडदा मिळतो आणि तिचे काहीही हिरावले जात नाही.