घरामागचा डोंगर

घर बांधायचे ठरले की आपण काय पाहतो? पाणी जवळ आहे का, दारापर्यंत वाट आहे का, तोंड पूर्वेला येते का. दिशा पाहणारा माणूस आपण लांबून बोलावून आणू. पण घरामागचा डोंगर कुणी चढून पाहत नाही.

पुणे जिल्ह्यात, आंबेगाव तालुक्यात माळीण हे गाव. ३० जुलै २०१४ च्या सकाळी नेहमीची एस. टी. घेऊन गेलेल्या चालकाला ते जागेवर दिसेना. डोंगरावरची माती चिखल होऊन गावावर आली होती. दीडशेच्या वर माणसे गेली.

असे का होते? सह्याद्रीचा काळा पाषाण आपल्याला अभंग वाटतो. पण त्याच्या अंगावर मुरूम आणि माती यांचा थर असतो. संततधार लागली की पाणी या थरात मुरतं. खालचा खडक ते सहजी पीत नाही. माती जड होते, तिची पकड सुटते. त्यातच पायथा खणून आपण अंगण काढलेले असेल, तर त्या मातीचा टेकूच काढून घेतला म्हणायचे!

डोंगर बहुधा आधी खुणा दाखवतो. उतारावर धनुष्यासारखी भेग पडते. झाडं, विजेचे खांब कलतात. स्वच्छ झरा एकाएकी गढूळ होतो, नाहीतर कोरड्या जागी नवा फुटतो. अशा उताराखाली घर नको. ओहोळ डोंगरातून बाहेर पडतो त्या तोंडाशीही नको. तिथली जमीन सपाट दिसते खरी, पण तिथले मोठाले धोंडे आले कुठून, हे विचारावे. गुरुजींनी तर वर्गातल्या गुराखी मुलांनाच विचारावे. भेग त्यांना आपल्याआधी दिसते.

जागा बदलली म्हणजे काम संपले, असेही नाही. माळीणकरांना २०१७ मध्ये आमडे येथे नवी घरे मिळाली. पहिल्याच पावसाळ्यात तिथे काही ठिकाणी जमीन खचली, रस्त्यांना भेगा पडल्या. म्हणून नव्या भरावावर घाईने पाया घेऊ नये. वरच्या अंगाचे पाणी चर काढून बाजूच्या ओढ्यात सोडावे, आणि तो चर पक्का बांधावा. कच्च्या चरात पाणी तिथेच मुरते. जाणत्या भूवैज्ञानिकाला जागा दाखवता आली तर फारच बरे.

ज्यांची घरे आधीच अशा जागी आहेत, त्यांनी पावसात भेग रुंदावताना दिसली की दिवसाउजेडीच मुलाबाळांसह दुसरीकडे जावे. सामान मागून आणता येईल. रायगड जिल्ह्यातल्या इर्शाळवाडीवर १९ जुलै २०२३ ला दरड आली, ती रात्री.