चाळिशीतला वायरमन

पत्रिकेवर माझा विषय ‘कौशल्यविकास आणि आजचा तरुण’ असा छापलाय. तो संयोजकांचा विषय. मी बोलणार आहे त्या तरुणाच्या बापाबद्दल. (हशा) माझं म्हणणं एवढंच आहे, की वीजकाम शिकायला चाळिशी म्हणजे उशीर नव्हे. तेच खरं वय.

दहिवदच्या बंद पडलेल्या साखर कारखान्याची कहाणी मी सांगत बसत नाही. ती तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक आहे, आणि पहिल्या रांगेत कोण कोण बसलंय तेही मला दिसतंय. (हशा) माझा प्रश्न साधा आहे. बॉयलरवर, टर्बाइनवर उमेदीची वर्षं घालवलेली माणसं गेली कुठे? कुणी सुरत धरली, कुणी एटीएमबाहेर रखवालीला बसलं. ज्यानं आयुष्यभर टर्बाइनचा आवाज ऐकून बेअरिंग कसं आहे ते ओळखलं, त्याला आपण खुर्चीवर बसवून वही भरायला लावली.

हा प्रश्न सरकारला सुचलाच नाही असं नाही. १८ जानेवारी १९८२ ला मुंबईचा गिरणी संप सुरू झाला. पुढचं सगळं तुम्हाला माहीत आहे. १९८६ मध्ये केंद्रानं बंद गिरण्यांच्या कामगारांसाठी योजना आणली : पहिल्या वर्षी पगाराच्या ७५ टक्के, दुसऱ्या वर्षी ५०, तिसऱ्या वर्षी २५. मग १९९२ मध्ये राष्ट्रीय नूतनीकरण निधी आला. कामगारांना नवं काम शिकवायचं, हा त्याचा एक जाहीर हेतू. प्रत्यक्षात बहुतेक पैसा स्वेच्छानिवृत्तीत गेला. माणसाला ‘जा’ म्हणायला पैसे होते, ‘शिक’ म्हणायला उरले नाहीत.

नवं काम शिकून धंदा बदललेल्या माणसाचं उदाहरण म्हणून आता फॅरडे घ्या. हा लंडनचा बुकबाइंडर. बांधायला आलेली पुस्तकं वाचत बसायचा, त्यातच विश्वकोशातला विजेवरचा लेख त्याच्या हाती लागला. १८१२ मध्ये एका गिऱ्हाइकानं त्याला सर हम्फ्री डेव्हीच्या व्याख्यानांची तिकिटं दिली. म्हणजे बघा, व्याख्यानमालेनं काय होतं! (टाळ्या) त्यानं टिपणं काढली, स्वतः बांधली आणि डेव्हीकडे धाडली. १८१३ मध्ये त्याला प्रयोगशाळेत मदतनीसाची जागा मिळाली, आणि १८३१ मध्ये त्यानं दाखवलेल्या तत्त्वावरच आज आपल्या साक्रीच्या पवनचक्क्या वीज करतात... काय म्हणताय? ‘प्रयोगशाळेत लागला तेव्हा तो एकवीस वर्षांचा होता!’ (हशा) बरोबर आहे. एकविसाव्या वर्षी कसली चाळिशी. फॅरडे सोडून द्या, आपला माणूस घ्या.

नाव सांगत नाही, त्याला आवडणार नाही. कारखाना सुटल्यावर हा गडी मोटार रिवाइंडिंगच्या दुकानात हेल्पर म्हणून लागला. दुकान सख्ख्या भाच्याचं. गावातली माणसं म्हणायची, ‘आते ह्या वयमा काय शिकस भो?’ त्यात भाचा उस्ताद आणि मामा चेला. आपल्याकडे मामाच भाच्यापुढे वाकतो, त्यामुळे तेवढं जमून गेलं. (हशा) वर्षभर त्यानं जळकी तार काढली, स्लॉट साफ केले, वार्निश लावलं.

एका रात्री शेतातून फोन आला, मोटार उचलत नाही. रात्रीची लाईन, केळीला पाणी द्यायचं होतं. शेतकरी म्हणाला, डीपीवरचे फ्यूज काढून आलोय. भाचा स्टार्टर उघडून पान्हा लावायला निघाला. ‘मामा, लाईन बंद शे, चाल लवकर.’ मामा म्हणाला, ‘आधी देखू दे.’ त्याच्याकडे टेस्ट लॅम्प होता, दोन बल्ब सिरीजमध्ये जोडलेले. दोन का, तर दोन फेजमध्ये ४१५ व्होल्ट असतात, एक बल्ब फुटतो. त्यानं एक टोक अर्थला लावलं आणि दुसरं एकेका फेजवर ठेवलं. बल्ब मिणमिणले. डीपीतलं फ्यूजचं एक किटकॅट केव्हाचं तुटलेलं, कुणीतरी तिथं ॲल्युमिनियमची तार डायरेक्ट ठोकलेली. शेतकऱ्यानं दोन फ्यूज काढले, तिसरा काढायला तिथं नव्हताच.

मामा हुशार होता म्हणून हे झालं, असं मी म्हणत नाही. भाचा त्याच्यापेक्षा हुशार आहे. मामाला भीती होती. घरी लग्नाची मुलगी होती, कर्ज होतं. विशीतल्या पोराला वाटतं, आपल्याला काय होतंय! तीस मिलिअँपिअरच्या गळतीला आरसीसीबी का पाडायचा, हे मी वर्गात फळ्यावर लिहायचो. पोरं उतरवून घ्यायची आणि चपला न घालता वर्कशॉपमध्ये यायची. म्हणून म्हणतो, भीती ही या धंद्यातली पात्रता आहे.

मागून आवाज आला, ‘चाळिशीत पोलवर कोण चढणार?’ पोलवर महावितरणचा लाईनमन चढतो, दादा. घरचं वायरिंग, पॅनल, स्टार्टर यांना शिडी पुरते. चष्मा लागला असेल तर लावा. त्यात लाज कसली?

अध्यक्ष घड्याळाकडे बघताहेत. मग सोलरचं धावतं सांगतो, खरं तर तेच मोठं होतं. छपरावरच्या पॅनलची वीज डीसी. आपली एसी सेकंदाला शंभर वेळा शून्यावर येते, म्हणून ठिणगी तुटते. डीसी शून्यावर येतच नाही, ठिणगी पेटली की पेटलेली राहते. आणि ऊन आहे तोवर पॅनल बंद करायचं बटण कुठंच नाही. म्हणजे इथं जुना वायरमनही पहिलीत बसतो, आणि नवा चाळिशीवाला त्याच बाकावर.

आयटीआयच्या प्रवेशाला कमाल वयाची अट नाही. ही गोष्ट निम्म्या सभागृहाला आज कळली असेल. पण वीजतंत्रीचा अभ्यासक्रम दोन वर्षांचा, तोही दिवसाचा. दोन वर्षं चूल कशी पेटायची? संध्याकाळी सहा ते नऊची तुकडी काढा, मी शिकवायला येतो, मानधन नको. पहिल्या रांगेनं हे ऐकलं असेल अशी आशा आहे. (टाळ्या)

अध्यक्षांची चिठ्ठी आली. बरं, थांबतो. प्रश्न विचारा. फक्त घरचा पंखा हळू का फिरतो, हे विचारू नका. कपॅसिटर बदला.