पत्ता तोच, घर नवे



बिऱ्हाड हलवायचे झाले की आमची अम्मी दोन वस्तू कुणाच्या हाती देत नसे. एक पीठ मळायची परात आणि दुसरी पत्रांची पत्र्याची पेटी. बाकी सामान बंडीत जायचे, पेटी तिच्या मांडीवर. यवतमाळच्या आमच्या कार्यालयाचे टपाल हलले, तेव्हा मला ती पेटी आठवली. हे टपाल कागदाचे नव्हते, ई-मेलचे होते.

केंद्र सरकारची ई-मेल सेवा राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्र, म्हणजे आपले एनआयसी, वर्षानुवर्षे स्वतःच्या यंत्रणेवर चालवत आले. २०२३ मध्ये निविदा निघून हे काम सात वर्षांसाठी झोहो या भारतीय कंपनीला मिळाले. सुमारे १२ लाख कर्मचाऱ्यांच्या टपालपेट्या नव्या घरी गेल्याच्या बातम्या ऑक्टोबर २०२५ मध्ये आल्या. पंतप्रधान कार्यालयही त्यात होते, आणि कविता करणारा यवतमाळचा एक लिपिकही.

गंमत अशी, की पत्ता बदललाच नाही. मी बी.ए. झालेला माणूस, मला हे कळेना. शाखेतल्या तरुण सहकाऱ्याने समजावले, "चाचा, पत्त्यामागे एक नोंद असते. या नावाचं टपाल कोणत्या यंत्रावर टाकायचं, ते त्यात लिहिलेलं. ती नोंद बदलली की पोस्टमन नव्या दारी जातो. पण जगभरच्या यंत्रांनी जुनी नोंद काही वेळ लक्षात ठेवलेली असते, म्हणून तेवढे दिवस जुन्या दारीही कुणीतरी बसवावं लागतं." मग जुनी पत्रे एकेक करून उतरवायची, दोन्हीकडची मोजणी जुळवायची, मोबाइलवर पुन्हा नाव आणि परवलीचा शब्द द्यायचा. मोजणी जुळली. तो म्हणाला, "काहीच नाही हरपलं, चाचा."

मी एक जुने पत्र उघडले. दिग्रसच्या माझ्या कवीमित्राचे, २००८ सालचे. माझ्या पहिल्या संग्रहाचे हस्तलिखित वाचून त्याने मत कळवले होते. तेव्हा मला दुसरा ई-मेल नव्हता. सरकारी पत्त्यावर खासगी पत्र मागवले, ही चूक कबूल करतो. २०२१च्या दुसऱ्या लाटेत तो गेला. पत्र जागेवर होते, सोबतची फाईलही होती. उघडली तर आत इंग्रजी अक्षरे, कंस आणि स्वल्पविराम यांची नुसती खिचडी!

दोष नव्या यंत्रणेचा नव्हता. त्याच सुमारास माझा टेबलावरचा संगणकही बदलला होता आणि जुना फॉन्ट त्याच्याबरोबर गेला होता. त्या काळचे आपले मराठी फॉन्ट म्हणजे इंग्रजी अक्षरांना चढवलेले मुखवटे. कृतिदेवमध्ये इंग्रजी 'डी'च्या जागी 'क' दिसायचा. मुखवटा गेला की खालचा 'डी' उघडा. युनिकोडमध्ये तसे नाही. तिथे 'क'ला स्वतःचा क्रमांक आहे, २३२५, जगात कुठेही तोच. इनपेजमध्ये उर्दू लिहिणाऱ्या माझ्या मामेभावाचेही दुखणे हेच.

दत्त चौकाजवळ एक जुना छापखाना आहे. तिथल्या ऑपरेटरकडे तो फॉन्ट निघाला. त्याने फाईल युनिकोडमध्ये करून दिली, पण ऱ्हस्व वेलांट्या भलत्याच अक्षरांवर जाऊन बसल्या. जुन्या फॉन्टमध्ये वेलांटी अक्षराच्या आधी टाइप व्हायची, युनिकोडमध्ये ती नंतर येते. दोन संध्याकाळी बसून मी एकेक वेलांटी तिच्या घरी नेऊन सोडली.

मित्राने लिहिले होते, 'अम्मीवरच्या कवितेच्या शेवटच्या चार ओळी काढ. तिथे तू तिच्याबद्दल नाही, स्वतःबद्दल बोलतो आहेस.' मी त्या काढल्या नव्हत्या. पुस्तकात तशाच छापून गेल्या. तेव्हा राग आला होता म्हणून पत्र पुन्हा उघडलेच नव्हते; आता वाचले तर त्याचेच खरे होते. हे त्याला सांगायला तो नाही.

म्हणून श्रोतेहो, एक विनंती. आपल्या संगणकावर, जुन्या सीडीत, मेलमध्ये पडलेल्या मराठी फाइली एकदा उघडून बघा. मोजणी जुळली म्हणजे पत्र वाचता येते असे नाही. वाचता येत नसेल तर ते फॉन्ट सांभाळणारी माणसे छापखान्यात आहेत तोवर युनिकोडमध्ये करून घ्या, आणि मूळ फाईल फेकू नका.

अम्मीची पेटी अजून माझ्याकडे आहे. त्या पत्राची छापील प्रत मी तिच्यात ठेवली आहे. कवितेतल्या त्या चार ओळी मात्र आता काढल्या.