पोया माशीचा मध : गुण, मानके आणि उत्पादकाचा मोबदला



बंगळुरूतील जुन्या दगडी भिंतींच्या फटींत किंवा झाडांच्या ढोलीत तीन-चार मिलिमीटर लांबीच्या काळसर माश्यांची ये-जा अनेकांनी पाहिली असेल. कानडीत या माशीला मुजंटी, तर मराठीत पोयाची माशी म्हणतात. शास्त्रीय नाव टेट्रागोनुला इरिडिपेनिस. तिला डंख नसतो. त्यामुळे घराच्या पडवीतही ती सहज पाळता येते. तिचा मध मात्र थोडा. सातेरीच्या वसाहतीपासून वर्षाला काही किलो मध मिळतो, पोयाकडून काहीशे ग्रॅमच. म्हणूनच त्याला मिळणाऱ्या भावावर पालकाचे सारे गणित अवलंबून असते.

हा भाव मुख्यतः औषधी गुणांच्या ख्यातीवर उभा आहे. तिला शास्त्रीय आधार आहे. पोया माशी झाडांची राळ गोळा करते, ती मेणात मिसळते आणि त्या मिश्रणाच्या छोट्या कुंभांत मध साठवते. राळेतील फिनॉल व फ्लॅव्होनॉइड वर्गातील संयुगे मधात उतरतात; ती ऑक्सिडीकरणास अटकाव करतात. मधाची आम्लता आणि ग्लुकोज ऑक्सिडेज या विकरामुळे तयार होणारे हायड्रोजन पेरॉक्साइड जिवाणूंची वाढ रोखतात. प्रोपोलिसमध्ये ही संयुगे अधिक एकवटलेली असतात. स्टॅफिलोकॉकस ऑरियससारख्या ग्रॅम-धन जिवाणूंवर त्याचा प्रभाव चांगला दिसतो. बाह्य आवरणाचे संरक्षण असलेल्या ग्रॅम-ऋण जिवाणूंवर सामान्यतः कमी. अर्थात, प्रयोगशाळेतील बशीत जिवाणू मरणे आणि रुग्ण बरा होणे यांत मोठे अंतर आहे. बाटलीवर रोगांची यादी छापणाऱ्या विक्रेत्यांना या अंतराचे भान क्वचितच असते.

खरी अडचण पुढे आहे. भारतीय अन्नसुरक्षा व मानके प्राधिकरणाने 2018 मध्ये अधिसूचित केलेल्या मानकांत मधातील आर्द्रतेची कमाल मर्यादा 20 टक्के ठेवली. एपिस प्रजातीतील माश्यांच्या मधाला ती योग्यच आहे. पोयाचा मध मुळातच पातळ. त्याची आर्द्रता बहुधा या मर्यादेपलीकडे असते. ती उतरवण्यासाठी मध तापवला, तर विकर निकामी होऊ लागते. म्हणजे कागदावर शुद्ध ठरण्यासाठी ज्या गुणाकरिता ग्राहक जादा पैसे मोजतो, तोच गमवायचा! न तापवता विकला, तर भेसळीचा संशय.

मलेशियाने 2017 मध्ये केलुलुट, म्हणजे डंखहीन माशीच्या मधासाठी स्वतंत्र मानक केले आणि कच्च्या मधात 35 टक्क्यांपर्यंत आर्द्रता मान्य केली. 2020 मध्ये ऑस्ट्रेलियातील संशोधकांनी मलेशिया, ऑस्ट्रेलिया व ब्राझीलमधील अशा मधांत ट्रेहॅल्युलोज ही सावकाश पचणारी शर्करा मोठ्या प्रमाणात आढळल्याचे दाखवले. साध्या मधाच्या मोजपट्टीने हा मध मोजणे किती अपुरे आहे, हे त्यावरून दिसते.

स्वतंत्र मानकासाठी प्रदेश आणि फुलोऱ्यानुसार नमुन्यांची पद्धतशीर तपासणी हवी. बंगळुरूत कृषी विज्ञान विद्यापीठ आहे, राष्ट्रीय कृषी कीटक संपदा ब्यूरो आहे. केंद्र सरकारने 2020 मध्ये राष्ट्रीय मधमाशीपालन व मध अभियानासाठी 500 कोटी रुपयांची तरतूद जाहीर केली. अशा निधीतील अल्पसा वाटाही या तपासणीला पुरेल. तोवर पोयापालकाने मध न तापवता, स्वच्छ काचेच्या बाटलीत, थंड जागी ठेवावा. आणि पेटी खरवडताना निघणारे प्रोपोलिस टाकून देऊ नये.